ताटांचा आवाज

दीड वर्षाच्या बाळाला डीपीटीचा बूस्टर मांडीत देतात, पाच-सहा वर्षांच्या पोराला दंडात. सुई दंडावर आली की मूल शाळेला निघालं. तान्हेपणीच्या लसींना आया न चुकता येतात, ही दंडातली मात्र हमखास राहते. धडधाकट पोराला कशाला टोचायचं?

म्हणून मुरबाड तालुक्यातल्या आमच्या वाड्यांमधल्या अशा पोरांची यादी आम्ही जूनच्या आधी बसून करतो. जन्मतारखा माझ्या रजिस्टरात, हजेरी अंगणवाडीच्या सेविकाताईंच्या वहीत, आणि वीटभट्टीवरून कोण परतलं ते आशाताईच्या तोंडी.

त्या यादीत एक मुलगी होती. हाक मारली तरी बघायची नाही. लाजाळू असेल म्हणत मी लस दिली आणि पुढच्या पोराकडे वळले. तेव्हा मदतनीस मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ताटं वाजली तरी ही उठत नाही. बाकीची उठली की मग उठते."

तिला सेविकाताईंसमोर बसवलं आणि पाठीमागे जाऊन मी डाळीचा डबा खुळखुळवला. तिनं मान वळवली नाही. बॅटरी लावून पाहिलं, तर दोन्ही कानांत पू. आई लसूण घालून गरम केलेलं तेल सोडत होती. हट्टी म्हणून तिनं मार खाल्ला होता, हे ऐकून माझ्या पोटात कालवलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तोवर थांबणं मला पटेना. डॉक्टरांकडे नेलं, औषध सुरू झालं. पण दिवसातून तीनदा कान कोरडा करायचा होता. काडी-कापूस नाही, तेल तर नाहीच. धुतलेल्या मऊ सुती कापडाची वात करायची, कानात ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी. वात कोरडी निघेपर्यंत. आई उजाडताच मजुरीला जायची. मग सकाळची वात तिची, दुपारची मावशींची, संध्याकाळची आशाताईची. दर फेरीला मी बॅटरी घेऊन हजर.

डावा कान सुकला. उजव्याच्या पडद्याला भोक राहिलं, त्याचे उपचार अजून चालू आहेत. शाळेच्या पहिल्या दिवशी आशाताई तिच्याबरोबर वर्गात गेली आणि गुरुजींना म्हणाली, "हिला पुढे बसवा. डावा कान तुमच्याकडे येऊ द्या."