तेराव्यानंतरची कामं

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. दसरा

सोनं द्यायला आलेल्या पोरांत २०११च्या भरतीतली चौघं होती. पाया पडली, आपट्याची पानं हातावर ठेवली, आणि चहा होईपर्यंत कुणी मुद्द्याचं बोलेना. शेवटी त्यातला थोरला म्हणाला, "काकू, वर्गणी जमलीय. ती कुणाच्या हातात द्यायची, तेवढं सांगा."

त्यांच्या बॅचचा एक जण भाद्रपदात गेला. गणपतीच्या बंदोबस्तावरून कंपनी दौंडला परत आली, दोन दिवसांनी पहाटे त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. वय छत्तीस. मागे बायको, पाच वर्षांची मुलगी, आणि शिरूर तालुक्यात गावाकडे आई.

बॅचची वर्गणी ही आता महाराष्ट्र पोलिसांत घट्ट रुजलेली रीत आहे. एका भरतीची पोरं प्रशिक्षणाचे महिने एका बरॅकमध्ये काढतात आणि मग पांगतात. कुणी दौंडलाच राज्य राखीव दलाच्या गट क्रमांक ५ किंवा ७ मध्ये राहतो, कुणी बदली मागून जिल्ह्यात जातो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर बॅच एकत्रच असते. कुणी गेला की ग्रुपवर खाते क्रमांक पडतो आणि रात्रीतून पैसे यायला लागतात. याला ना नोंदणी, ना अध्यक्ष, ना पावतीपुस्तक. ज्याच्यावर स्वतः कर्जाचे हप्ते आहेत तोसुद्धा हजार-पाचशे टाकतोच, हे मी इतकी वर्षं पाहत आले आहे.

पैसे जमवण्यात ही पोरं कमी पडत नाहीत. मी म्हटलं, आधी त्याचं सेवापुस्तक पाहून या. नामनिर्देशन कुणाच्या नावाचं आहे ते कळू द्या, मग बोलू.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. आता कंपन्या एकामागून एक बाहेर पडतील. पोलीस लाइनीतल्या बायकांची दिवाळी यंदाही नवऱ्यांशिवायच जाणार.

थोरल्याचा संध्याकाळी फोन आला. नामनिर्देशन आईच्या नावाचं आहे. मला तीच शंका होती. पोरगा विशीत भरती होतो, तेव्हा लग्न झालेलं नसतं. बाबू विचारतो, वारस कोण? पोरगा आईचं नाव सांगतो. पुढे लग्न होतं, मूल होतं, बंदोबस्तामागून बंदोबस्त लागतो आणि तो कागद बदलायचा राहून जातो. मग माणूस गेल्यावर सासू आणि सून यांच्यामध्ये तो कागद येऊन बसतो. दोघींचंही दुःख खरं असतं, आणि गट विम्याचा तो एक कागद दोघींना एकमेकींची वैरी करून टाकू शकतो.

मी स्वतः अनुकंपा तत्त्वावर लागलेली लिपिक आहे. हे गेले तेव्हा मला सेवापुस्तक म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. आता दुसऱ्यांची सेवापुस्तकं उलटून उलटून प्रत्येक रकाना पाठ झालाय.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

त्या चौघांतला धाकटा कागद द्यायला आला होता. निघताना दारात उभं राहून विचारलं, "काकू, शिक्षकांची संघटना आहे, एसटीवाल्यांची आहे, महसूलवाल्यांची आहे. मग आपली का नाही?"

पोरगा मुलुखाला संरक्षण देतो आणि त्याला हे कुणी सांगितलेलंच नाही. १९६६ साली संसदेने पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा केला. मंजुरीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेत जाता येत नाही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळात गेलं तर चालतं. महाराष्ट्रात तरीही पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती. १९८२च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईतल्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली, शहर पेटलं, लष्कर बोलवावं लागलं. संघटनेची मान्यता गेली, कित्येक जण बडतर्फ झाले. तेव्हापासून पगार, ड्युटीचे तास, क्वार्टर यांवर एकत्र बोलायची जागा उरली नाही. उरली ती पतसंस्था, कल्याण निधी आणि बॅच.

त्याच १९६६ साली लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात तीन पोलिसांना भर रस्त्यात गोळ्या घालून मारलं. लोक हळहळले, बिली बटलिन नावाच्या उद्योजकाने मोठी देणगी दिली आणि पोलीस डिपेंडंट्स ट्रस्ट उभा राहिला. कर्तव्यावर मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या पोलिसांच्या घरच्यांना तो मदत करत आला. मला त्या ट्रस्टचं महत्त्व एवढ्यासाठी वाटतं की तो कुणा एका साहेबाच्या चांगुलपणावर चालत नाही. साहेब बदलून जातात. आमच्याकडेही चांगले समादेशक येतात, घरी येऊन विचारपूस करतात, आणि त्यांची बदली झाली की नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणून बॅचने वही ठेवली पाहिजे, असं मी पोरांना कायम सांगते. कोण गेला, घरात कोण आहे, मुलं कितवीत, कोणता अर्ज कुठे अडकलाय.

सोमवार, २१ ऑक्टोबर. पोलीस स्मृतिदिन

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याने आपल्या पोलिसांच्या तुकडीवर हल्ला केला. दहा जवान गेले. त्यांचे मृतदेह चीनने परत दिले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी. तेव्हापासून देशभर या दिवशी पोलीस उभे राहतात, शोक शस्त्र होतं, बिगुल वाजतो आणि वर्षभरात कर्तव्यावर मारल्या गेलेल्यांची नावं राज्यवार वाचली जातात. ती यादी ऐकताना मला आजही उभं राहवत नाही. तरी मी उभी राहते.

२००९ साल मी विसरणार नाही. फेब्रुवारीत मरकेगावला पंधरा, मे महिन्यात हत्तीगोट्याला सोळा, आणि स्मृतिदिनाच्या आधी दोन आठवडे लाहेरीला सतरा. सगळे गडचिरोलीत. त्याच पावसाळ्यात हे गडचिरोलीच्या बंदोबस्तावरून ताप घेऊन आले. मेंदूचा मलेरिया. आठवड्यात गेले. ह्यांचं नाव स्मृतिदिनाच्या यादीत नव्हतं, कारण गोळी लागली नव्हती. मला तेव्हा याचं फार लागलं होतं. आज लागत नाही असं नाही, पण आता मी त्याचा राग त्या यादीवर काढत नाही. लाहेरीच्या सतरा जणांचा मान तो त्यांचाच आहे.

पण हृदयविकाराने गेलेला, रात्रपाळीवरून येताना मोटारसायकलवर गेलेला, ज्याने स्वतःच जीव दिला तो, यांची नावंही कुणीतरी घ्यायला हवीत. मे २०२०मध्ये मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या दौंडच्या जवानांना कोरोना झाला होता, तेव्हा लाइनीतले लोक एकमेकांच्या दारात जायला भीत होते. त्या दिवसांत ज्या बायकांनी उंबऱ्यावर डबे ठेवले, त्यांनाही वाटत होतं की आपलं माणूस कर्तव्यावरूनच दुखणं घेऊन आलंय. राखीव दलाच्या जवानाचं आयुष्य ट्रकमध्ये, शाळेच्या वर्गात अंथरलेल्या सतरंजीवर आणि वेळी-अवेळी मिळणाऱ्या जेवणावर जातं. छत्तिसाव्या वर्षी त्याचं हृदय थांबतं तेव्हा त्या झोपेचा, त्या जेवणाचा हिशोब कुठे लागतो?

संध्याकाळी बॅचची घरातली मंडळी जमली. बंदोबस्तावर गेलेले फोनवर होते. थोरल्याने वही काढली आणि सगळी नावं वाचली, कशाने गेला ते न सांगता. आजारी, अपघाती, सगळे एका यादीत. भाद्रपदात गेलेल्याचं नाव आलं तेव्हा फोनवरच्या कुणीतरी आवाज बंद केला.

रविवार, २७ ऑक्टोबर

चौफुल्यावरून पारगावमार्गे न्हावऱ्याच्या बाजूला, भाद्रपदात गेलेल्याच्या घरी गेलो. वाटेत गुऱ्हाळांचा गोड, जळका वास गाडीत भरला. भीमेला पाणी भरपूर आहे, दोन्ही काठांवर ऊस माणसाच्या वर गेलाय.

सून माहेरी नव्हती गेली, सासूजवळच होती, हे पाहून मला निम्मी काळजी उतरल्यासारखी वाटली. घर दोन खोल्यांचं. भिंतीवर गणवेशातला फोटो, त्याला अजून हार होता. मुलगी ओसरीवर एका फाटक्या वहीत रंग भरत बसली होती.

म्हातारी माझ्याशी बोलेना. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मावशी, मी पैसे न्यायला किंवा द्यायला आले नाही. माझेही असेच गेले. कागद समजावून सांगायला आलेय." तेव्हा तिने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "बाई, माझ्या लेकानं माझं नाव दिलं होतं. ते मी का सोडू? नाव सोडलं तर लेक सोडल्यासारखं वाटतंय."

यावर काय बोलायचं ते मला क्षणभर सुचलं नाही. तिला पैशाचा लोभ नव्हता. लेकाच्या हाताने लिहिलेलं तिचं नाव एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

मग मी सुनेला समोर बसवलं आणि दोघींना एकदम सगळं सांगितलं. तो १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणून जुनी पेन्शन त्याला नव्हती. पण ३१ मार्च २०२३च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतला कर्मचारी सेवेत असताना गेला, तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदानाचा मार्ग खुला झाला आहे. दरमहा येणारं वेतन घ्यायचं ठरलं, तर खात्यातला सरकारने भरलेला वाटा सरकारकडे परत जातो. एकरकमी मोठा आकडा पाहून माणूस मोहात पडतो, आणि दोन वर्षांत ती रक्कम कर्जात, घरात, नातेवाइकांत वाटली जाते. पाच वर्षांच्या पोरीचं शिक्षण काढायचंय, महिन्याचे पैसे घे, असं मी स्पष्ट सांगितलं. दुसरं, अनुकंपाचा अर्ज वर्षाच्या आत गेलाच पाहिजे. बारावी झालीय का? झालीय. मग टायपिंगचा क्लास लाव, दिवाळीनंतर लगेच.

सून खाली मान घालून ऐकत होती. मग सासूला म्हणाली, "आई, त्या विम्यावर तुमचंच नाव राहू द्या. ह्यांनी लिहिलंय. बाकीच्यावर मी सही करते." म्हातारीने काही उत्तर दिलं नाही. उठली, आत गेली आणि कोनाड्यातून एक पिशवी आणली. त्यात लेकाच्या दहावीच्या निकालापासून भरतीच्या बोलावण्यापर्यंत सगळे कागद घडी करून ठेवलेले होते. ती पिशवी तिने सुनेच्या मांडीवर ठेवली. आम्हाला हवा असलेला विवाह नोंदणीचा दाखलाही त्यातच निघाला.

निघताना मुलीने मला तिचं चित्र दाखवलं. त्यात निळी गाडी होती. पप्पांची, म्हणाली.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

बॅचची वर्गणी मुलीच्या नावे मुदत ठेवीत, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत हात न लावायच्या अटीवर. त्यातून थोडी आईच्या औषधांसाठी वेगळी. ग्रुपवर सगळ्यांनी होकार दिला. एक जण नाराज होता, त्याला वाटत होतं घरावरचं कर्ज फेडावं. त्याचंही म्हणणं वाईट नव्हतं. पण कर्जावर विमा आहे की नाही ते आधी पाहायचं, असं ठरलं.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज मतदान. लाइन सुनी. शाळेच्या केंद्रावर उभा असलेला जवान कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला, आणि इथली पोरं तिकडे. त्याला पाणी नेऊन दिलं. घरी कोण कोण आहे विचारलं, आणि सवयीने नामनिर्देशनाचंही विचारलं. लाजला. आईच्या नावाचंच आहे म्हणाला, लग्न होऊन चार वर्षं झालीत. बदलून घे, म्हटलं, गटात पोहोचल्यावर पहिलं काम ते.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मुंबईवरच्या हल्ल्याला सोळा वर्षं झाली. तुकाराम ओंबळे यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि असायलाच हवं. हातात काठी घेऊन त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. आमच्या लाइनीत मात्र आज राहुल शिंदेचंही नाव घेतात. माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचा, राज्य राखीव दलाचा जवान. ताजमध्ये शिरला आणि गोळी लागून गेला. त्याच्या आईवडिलांचा विचार येतो. मोठ्या नावांच्या गर्दीत आपल्या पोराचं नाव कुणी घेतंय का, हे त्यांनी किती वेळा कान देऊन ऐकलं असेल.

कंपन्या निवडणुकीहून परतल्यात. थोरल्याने रविवारी बॅचला बोलावलं होतं, जेवणासाठी म्हणून, आणि जेवणाआधी प्रत्येकाच्या हातात नामनिर्देशनाचा कोरा नमुना दिला. बायकांना बरोबर आणायला सांगितलं होतं. पहिल्यांदा हसले, टाळाटाळ केली, हे काय मरणाचं बोलणं सणासुदीनंतर. मग धाकट्याने स्वतःचा भरला आणि बायकोच्या हातात देऊन वाचायला लावला. त्यानंतर बाकीच्यांनी पेन मागितली. काहींनी आई आणि बायको दोघींची नावं घातली, वाटा लिहून. तो मला सगळ्यात चांगला मार्ग वाटला.

न्हावऱ्याकडचे कागद पूर्ण झाले. विकल्पाचा अर्ज, वारसांची यादी, मुलीचा जन्मदाखला, दोघींच्या सह्या. अनुकंपाचा अर्ज वेगळा जातोय. सून दौंडला टायपिंगच्या क्लासला येते आहे, आणि येताना मुलीला सासूजवळ ठेवते. परवा अकराच्या गाडीने मी आणि ती पुण्याला जाऊ, पोहोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं ठरलंय.