कडेचा माणूस

भाऊबीजेला मामांच्या घरी जायचे, हा आमच्याकडचा फार जुना शिरस्ता. आई होती तोवर ती ओवाळायची आणि मी तबकातल्या सुपारीशी खेळत बसायचो. आई गेली त्याला आता तीन वर्षे झाली. ओवाळणारी बहीण राहिली नाही. पण भाऊ आहे, म्हणून मी जातो. मामी पाट मांडतात, मामा टोपी घालून त्यावर बसतात आणि माझी धाकटी मुलगी त्यांना ओवाळते. नात्याच्या हिशेबात हे कोठे बसत नाही. परंतु मामांना कोणीतरी ओवाळलेच पाहिजे, एवढे आम्हा सर्वांना कळते.

मामा आयुष्यभर वृत्तपत्राचे छायाचित्रकार होते. पुण्याच्या एका दैनिकात अंधारखोलीतला पोऱ्या म्हणून ते लागले आणि चाळीस वर्षांनी तेथूनच निवृत्त झाले. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार जडला. हा रोग मोठा चमत्कारिक! माणूस आंधळा होत नाही. फक्त नजरेचा मधला भाग पुसला जातो. समोर बसलेल्याचा चेहरा दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते. मामा हसून म्हणतात, "मास्तर, जन्मभर मी माणसांना नीट मध्यभागी आणून बसवले. त्याचीच ही फेड असावी."

गेल्या दिवाळीत मामींनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत मामांनी वेळोवेळी जपलेले फोटो आणि निगेटिव्ह होत्या. कचेरीने जागा बदलली तेव्हा जुन्या निगेटिव्ह रद्दीत गेल्या. मामांनी घरी आणून ठेवल्या होत्या तेवढ्याच वाचल्या. कोणत्याही फोटोमागे एक अक्षर लिहिलेले नव्हते. मामी मला म्हणाल्या, "तुमचे अक्षर चांगले आहे. हे सांगतील तसे मागे लिहून टाका. नाहीतर यांच्यामागे हा सगळा कागदच."

झाले! फराळाचे ताट बाजूला सारून मी पेन्सिल घेऊन बसलो. मी फोटोत काय आहे ते सांगायचे आणि मामांनी तो कोठला, केव्हाचा ते सांगायचे. डोळस माणसाने पाहायचे आणि न दिसणाऱ्याने ओळखायचे, असा तो उलटा खेळ होता.

"दगडी घरे पडलेली आहेत, मामा. एक बाई पितळी हंडा कवटाळून बसली आहे."

"कोयनानगर. ११ डिसेंबर १९६७. पहाटे चारच्या सुमारास हादरा बसला. आम्ही पोचलो तेव्हा थंडीने बोटे वळत नव्हती. फिल्म भरताना दोनदा सुटली."

"मंडपात गणपती, आणि मागे सगळा दगडमातीचा ढीग."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. "किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री विसर्जन झालेले. हा मंडप तेवढा उभा राहिला होता. बाहेर काढत होते त्या माणसांच्या कपाळांवर गुलाल तसाच होता. तेही फोटो मी काढले होते. छापायला दिले नाहीत. त्यात नसतील."

खरोखरच नव्हते.

वाचकहो, सगळेच असे दुःखाचे नव्हते. मामा सभेच्या गोष्टी सांगू लागले म्हणजे मामीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येतात. त्या वेळच्या यशिका कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच फोटो येत. परदेशी फिल्म मिळणे दुरापास्त. उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म मिळे, तीही मोजून. सत्कार-समारंभात हार घालणारे मात्र साठ-सत्तर. प्रत्येकाला आपला फोटो हवा! मग मामा पहिले चार फोटो काढीत आणि पुढे नुसताच फ्लॅश उडवीत. हार घालणारा खुशीत खाली उतरे. "चाळीस वर्षांत मी जितकी माणसे टिपली," मामा म्हणतात, "त्याच्या दुप्पट माणसांवर नुसता उजेड पाडला."

मामींच्या न्हाणीघराला रात्री दहानंतर काळे कापड लागत असे. हायपोच्या वासाने डोके दुखते म्हणून त्या भांडत आणि तांबड्या दिव्याखाली ट्रेमध्ये कागदावर एखादा चेहरा हळूहळू उमटू लागला की त्याच दारातून डोकावत. व्यवसायातले मामांचे दैवत एकच : होमाई व्यारावाला. या बाईंनी स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली टिपली, १९७० मध्ये काम थांबवले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. "साडी नेसून, ते जड कॅमेरे खांद्याला लावून, पुरुषांच्या घोळक्यात," एवढे म्हणून मामा थांबतात. याहून अधिक स्तुती त्यांना येत नाही.

मी शेवटी मास्तरकीचा प्रश्न विचारलाच. "मामा, तुमचा सर्वांत आवडता फोटो कोणता?"

"उद्या सांगतो," ते म्हणाले. "उद्या एक माणूस यायचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, माण तालुक्यातला शेतकरी. पिशवीत घरच्या शेंगा होत्या. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले एक कात्रण काढले आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरले. १९७३ च्या उन्हाळ्यातले. खडी फोडणारी एक बाई, मांडीवर वर्षा-दीड वर्षाचे मूल, पदराची सावली त्याच्या तोंडावर. खाली 'आमच्या छायाचित्रकाराकडून' एवढेच छापलेले.

"ही माझी आय," तो म्हणाला. "मांडीवर मी. आय ह्या वैशाखात गेली. तिच्या ट्रंकंत पोथीत घावलं हे."

मग त्याने कात्रणाच्या डाव्या कडेवर बोट ठेवले. तेथे हातोडा धरलेले एक मनगट होते. मनगटाच्या पुढे चित्र संपले होते.

"ह्यो हात माझ्या बाचा. आय सांगायची. बा त्याच पावसाळ्यात वारला. त्याचा फोटू कुणी काढलाच न्हाई. आता आयचा मोठा फोटू भिंतीवर लावलाय, एकटाच. काका, तुमच्यापाशी अख्खा असंल का ह्यो?"

पुण्यात चार महिने चौकशा करून एका निवृत्त कंपोझिटरकडून त्याने मामांचा पत्ता मिळवला होता.

मामांनी त्याला सगळे समजावून सांगितले. त्या काळी फोटो छापायचा म्हणजे त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. जाळीतून त्याचे ठिपके पाडीत. दैनिकाच्या जाड कागदाला इंचात साठ-पासष्टच ओळी पेलत. फोटोत चार माणसे असली की चौघांचेही चेहरे ठिपक्यांत विरून जात. म्हणून ब्लॉकवाले म्हणत, एकच माणूस ठेवा, मोठा ठेवा. शिवाय यशिकाचा फोटो चौरस आणि कॉलम उभा. त्यामुळे दोन्ही कडा कापायच्याच.

"मीच रेघ मारली होती," मामा म्हणाले. "लाल पेन्सिलीने. तुझ्या वडिलांच्या हातावरून."

त्या वर्षीची गोष्ट मी पुस्तकात वाचली होती; त्या दिवशी ती ऐकली. १९७२ चा पाऊस गेला आणि माणदेशातली बैलांची दावणी ओस पडली. ज्यांच्या घरी गडी राबत ते घरधनी सरकारी कामावर आले. ब्रासवर खडी फोडायची, मुकादम मोजून घेणार. खायला परदेशातून आलेला तांबडा मिलो, पोरांना सुकडी. दहिवडीच्या पुढे अशाच एका रस्त्याच्या कामावर मामांनी तो फोटो घेतला आणि फिल्मचे पाकीट पुण्याला येणाऱ्या एस. टी.च्या कंडक्टरजवळ दिले. यशिका पोटाशी धरून, मान खाली घालून तिच्या काचेत पाहायचे असते. "त्या बाईला वाटले, हा माणूस शरमेने खाली बघतोय," मामा म्हणाले. "तिने मला पाणी विचारले. त्या दिवसांत, पाणी! आणि मी तिचे नावसुद्धा विचारले नाही."

मामी ट्रंकेतून बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यात कागदी लिफाफे होते. मामांनी बोटांनी चाचपून लिफाफे मोजले आणि सातवा माझ्या हातात दिला. "खिडकीशी जा, मास्तर. कडेने धर."

मी बारा चौकटींची ती पट्टी उजेडासमोर धरली. नववी चौकट तीच होती. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. बाईचे केस पिकल्यासारखे दिसत होते. डाव्या बाजूला तो होता. पूर्ण, पटक्यापासून पायापर्यंत. मी पट्टी जवळ आणली, लांब नेली.

मागे दोघेही वाट पाहत होते. एकाला दिसत नव्हते आणि दुसऱ्याला निगेटिव्ह वाचता येत नव्हती. वर्गात नापास मुलाचा निकाल वाचताना माझा आवाज जसा होतो तसा झाला असावा.

"मामा," मी म्हणालो, "हे पाठमोरे बसले आहेत. तोंड दिसत नाही."

कोणी काही बोलले नाही. बाहेर पोरांनी एक फटाका उडवला. मग तो माणूस खिडकीशी आला. त्याने आपला मोबाइल काढून निगेटिव्हचा फोटो घेतला आणि त्यातच काळ्याचे पांढरे केले. ज्याला मामांच्या न्हाणीघरात अर्धी रात्र लागे, ते त्याच्या तळहातावर एका क्षणात झाले.

तो पुष्कळ वेळ पाहत राहिला.

"आय म्हनायची," तो अखेर म्हणाला, "फोटूवाला आला तसं तुझं बा तोंड फिरवून बसलं. आठ एकराचा धनी, लोकांनी पेपरात बघू ने म्हणून. मला वाटायचं, फोटू न्हाई म्हणून आय माझी समजूत घालतीया." त्याने चित्र बोटांनी मोठे केले. पटक्याखालची मान दिसली, खांद्यावर ठिगळ दिसले, आणि डाव्या हाताच्या बोटाला बांधलेली चिंधी. "खरं बोलत हुती की!"

त्या चिंधीवर तो अंगठा फिरवीत होता. "ही आयनंच बांधली असंल."

मामांनी हात पुढे केला. मोबाइल त्यांनी तोंडासमोर न धरता बाजूला, कानाच्या रेषेत धरला आणि मान किंचित वळवली. त्यांच्या नजरेचा तेवढाच भाग शिल्लक आहे.

"दिसतो," ते म्हणाले. "पाठ दिसते. बरे झाले त्याने तोंड फिरवले. नाहीतर मी कापला याचे मला जास्त लागले असते."

"तसं न्हाई, काका," तो म्हणाला. "तुम्ही कापलं म्हणून बाची अब्रू ऱ्हायली. आणि ठेवलं म्हणून आज मला बा गावला."

जेवून तो दुपारच्या गाडीने गेला. निगेटिव्ह मामांनी त्यालाच दिली. मोठा फोटो करून तो आईच्या शेजारी लावणार आहे.

संध्याकाळी मी पुन्हा पेन्सिल घेऊन बसलो. त्या फोटोची मामांजवळ एक जुनी प्रत होती, तीवर लाल रेघ अजून होती. मी म्हणालो, "मामा, आवडता फोटो सांगणार होतात."

"तोच सांगतोय. लिही मागे. दहिवडीच्या पुढे, दुष्काळी काम, १९७३. आणि दोघांची नावे लिही. आता ठाऊक झाली आहेत."

"आधी कोणाचे लिहू?"

"कडेच्याचे," मामा म्हणाले.

मी लिहिले. मुलगी दारात पणत्या लावीत होती. ती आत येऊन म्हणाली, "आजोबा, बघा ना किती छान दिसतात." मामांनी पणत्यांकडून मान थोडी बाजूला वळवली, आणि मग ते म्हणाले, "हो गं, दिसल्या."