थेंबातले कास

निवृत्त माणसाला काहीतरी नाद हवा, याबद्दल डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचे एकमत असते. तो नाद स्वयंपाकघरात येऊ नये, एवढेच आमच्या सौ.चे म्हणणे. पण माझा नाद नेमका तिथेच जाऊन पोचला. फंडाच्या पैशांतून मी एक बरा कॅमेरा घेतला, बारीक वस्तू जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स त्याला बसवली आणि पाण्याच्या थेंबात दिसणाऱ्या फुलांचे फोटो काढण्याच्या मागे लागलो.

तुम्ही कधी पाहिले आहे का? गवताच्या पात्याला थेंब लोंबत असतो आणि त्याच्यामागे चार बोटांवर एखादे फूल असते. नुसत्या डोळ्यांना थेंब चकाकताना दिसतो, बस्स. पण भिंगातून पाहिलेत, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या थेंबात अख्खे फूल मावलेले दिसेल. आणि तेही उलटे! देठ वर, तोंड खाली.

आता आमच्या पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दव कुठून यायचे? मी युक्ती केली. सौ.ने टाचांसाठी आणलेले ग्लिसरीन घेतले आणि त्यात तेवढेच पाणी घातले. असा थेंब सुकत नाही आणि चटकन ओघळतही नाही. इंजेक्शनच्या सुईने कुंडीतल्या पात्यावर तीन थेंब ओळीने लावले. गौरींसाठी मंडईतून तेरडा आला होता, त्यातली एक गुलाबी काडी मागे उभी केली. फोटो झकास आला. तीन थेंब आणि तीन तेरडे.

सहावीतली नात तो पाहून हरखून गेली. “आजोबा, हे दव कुठलं हो?”

“कासच्या पठारावरचं,” मी म्हणालो.

असे का म्हणालो, देव जाणे! ‘टाचांच्या ग्लिसरीनचे’ म्हणायला जीभ वळली नाही, एवढे खरे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. माझे खोटे त्याहून टिकाऊ निघाले. चौथ्या दिवशी तो फोटो शाळेच्या भित्तिपत्रकावर लागला. खाली वळणदार अक्षरांत लिहिले होते : ‘कास पठारावरील दवबिंदू. छायाचित्र : माझे आजोबा.’ बाईंनी निरोप धाडला की, आजोबांनी वर्गात येऊन मुलांना माहिती सांगावी.

खोट्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे ते खरे करून टाकणे, असे मला वाटले. गुपचूप कासला जावे आणि खरा फोटो घेऊन यावे. पण नात हटून बसली. “मीपण येणार. तुम्ही कुठे बसून फोटो काढलात, ती जागा मला दाखवायची!”

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही साताऱ्यात मुक्काम केला आणि रविवारी पहाटे अंधारातच निघालो. कास तिथून पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढताना मागे अजिंक्यताऱ्याखाली शहराचे दिवे लुकलुकत होते. पुढे धुके इतके दाटले की, गाडीच्या दिव्यांपुढे दहा हातांवरचा रस्ता दिसेना. नात काचेला नाक लावून बसली होती आणि मी मनातल्या मनात एक ‘जागा’ शोधत होतो.

कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार फुटांवर आहे. सगळा जांभा दगड आणि त्यावर बोट-दोन बोटे मातीचा थर. मोठ्या झाडाने मूळ धरावे अशी ही जागाच नव्हे. म्हणून पावसाळ्यात इथे चिमुकल्या रोपांचे राज्य असते. पाऊस सरत आला की तेरडा, सोनकी आणि गेंद अशी गर्दी करतात की, दगड दिसेनासा होतो. साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे. सन 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात कासही आले. आसपासच्या गावांतली मंडळी वनखात्याच्या जोडीने राखण करतात, येणाऱ्यांकडून शुल्क घेतात आणि माणसांना पायवाटेवर ठेवतात. हे शेवटचे काम किती अवघड आहे, ते मी लवकरच दाखवून दिले.

धुके विरळ झाले तसा आमच्या दोन्ही बाजूंना तेरड्याचा गुलाबी गालिचा उलगडत गेला. मला मात्र गालिचा नको होता, थेंब हवा होता. वाटेपासून दोन हातांवर एका पात्याच्या टोकाला टपोरा थेंब दिसला. मी इकडेतिकडे पाहिले आणि एक पाय आत टाकला.

शिट्टी वाजली. हिरवे जाकीट घातलेल्या एक मावशी काठी टेकत येत होत्या.

“आजोबा, पाय मागं घ्या! खाली आसवं हायेत.”

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. पाय उचलून पाहतो तो काय, बुटाखाली निळ्याजांभळ्या, नखाएवढ्या फुलांच्या तीन-चार काड्या आडव्या झालेल्या! त्या फुलांचे नावच ‘सीतेची आसवे’. मी ओशाळून वाटेवर आलो. “चुकलो बाई,” म्हणालो.

“समदेच चुकत्यात,” मावशी म्हणाल्या. “एक फोटू म्हंजी एक पाऊल. मानसं किती येत्यात, मोजा तुमीच.” मग नातीकडे वळून म्हणाल्या, “ये बाळ, तुला गंमत दावते.”

वाटेच्या कडेलाच त्यांनी काठीने एक लालसर रोप दाखवले. त्याच्या पानांवर केसांसारखे तंतू होते आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला एक चकाकता थेंब.

“किती दव!” नात ओरडली.

“दव न्हवं ते. चीक हाय. नाव दवबिंदू, पर उनातबी सुकत न्हाई. माशी भुलून बसती अन् अडकती.”

मावशींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. या जांभ्यावरच्या मातीत कस नाही, तेव्हा काही वनस्पती किड्यांवर पोट भरतात. दवबिंदू चिकट थेंबांनी किडा धरतो, तंतू त्याच्यावर वळवतो आणि पचवून टाकतो. सीतेची आसवेही त्यातलीच. त्यांच्या बारीक फुग्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढले जातात.

“म्हणजे हे खोटं दव?” नातीने मला विचारले. “सुकतच नाही?”

तिने सहजच विचारले होते, पण माझ्या डोळ्यांपुढे ग्लिसरीनची बाटली उभी राहिली. किड्याला फसवल्याशिवाय त्या रोपाचे पोट भरत नाही. मला अशी कोणती उपासमार होती?

मावशी पुढे गेल्या आणि मी तिला सगळे सांगून टाकले. ग्लिसरीन, सुई, मंडईतला तेरडा, काहीही लपवले नाही. ती बराच वेळ बोलली नाही. बुटाच्या टोकाने वाटेवरचा खडा घोळवीत राहिली.

“मी सगळ्यांना सांगितलं होतं,” ती एवढेच म्हणाली.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मुकाट्याने चालू लागलो. थोड्या वेळाने तीच थांबली. “आजोबा, इथं एक आहे. वाटेवरूनच दिसतोय.”

खरेच होता. पात्याच्या अगदी टोकावर एकच थेंब. असा टोकावरचा थेंब पुष्कळदा दव नसतोच. रात्री गवत आपल्याच अंगातले जास्तीचे पाणी शेंड्यातून बाहेर सोडते. त्याच्यामागे वीतभर अंतरावर तेरडा होता. मी वाटेवरच पालथा पडलो.

इथली खुबी अशी की, नेम थेंबावर धरायचा नसतो. थेंब हे एक भिंगच. फुलाचे चित्र थेंबाच्या आत नव्हे, तर आपल्या बाजूला, थेंबापुढे त्याच्या निम्म्या जाडीएवढ्या अंतरावर जुळते. तीन मिलिमीटरचा थेंब असेल, तर दीड मिलिमीटर पुढे. लेन्सचे तोंड बारीक केले तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन मिलिमीटरांचा. वाऱ्याची झुळूक आली की सगळे चित्र पुसून जाते. घरी पंखा बंद करता येत होता. इथे नात दोन्ही हातांची ओंजळ करून वारा अडवीत बसली.

दोनदा बटण दाबले. तिसऱ्यांदा दाबणार तोच थेंब गळाला.

एक फोटो हलला होता. दुसराही थोडा मऊच आला आहे. पण त्या थेंबात एकटा तेरडा नाही. आकाश खाली, गुलाबी पठार वर आणि कडेला दोन काळसर ठिपके. ते माझ्या नातीचे हात.

वर्गात मी दोन्ही फोटो घेऊन गेलो आणि पहिल्याची हकीकत आधी सांगितली. मुले पोट धरून हसली. ग्लिसरीनचे प्रमाण मात्र सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले.

भित्तिपत्रकावर आता दोन फोटो आहेत. पहिल्याखाली ‘आमची गॅलरी’ आणि दुसऱ्याखाली ‘कास’. अक्षर नातीचेच. दुसऱ्याखालच्या ओळीत तिने थोडा बदल केला आहे : ‘छायाचित्र : माझे आजोबा आणि मी.’