पाण्याला लावलेला बोल

वसई-विरारमध्ये केस गळायला लागले की पहिला बोल पाण्याला लागतो. त्याला कारणही आहे. नालासोपारा पूर्वेची आमची इमारत कित्येक वर्षं टँकर आणि बोअरवेलवर चालली. त्या पाण्याला साबणाचा फेस येत नसे, बादलीला पांढरा थर चढे आणि न्हाल्यावर केस काथ्यासारखे राठ लागत. विशीत माझ्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकू लागले, तेव्हा सगळी इमारत एकमताने म्हणाली, पाणी!

त्याआधी आणि नंतरही आरोपी बदलत गेले. शाळेत असताना आजी खोबरेल चोळायची. तेल चुकवलं तर टक्कल पडेल, असं बजावायची. नोकरी लागल्यावर विरार लोकलची दगदग आणि रात्रपाळी दोषी ठरली, मोटरसायकल घेतल्यावर हेल्मेट. कायमचे आरोपी मात्र आगाशीचे मामा. त्यांना तिशीतच टक्कल पडलं होतं. ‘मामावर गेलाय,’ असं पाहुणे सहज बोलून जायचे. आई ते मनाला लावून घ्यायची. ‘माझ्याच माहेरचं आलं रे तुला,’ असं एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. ते अजून बोचतं.

पुढे आमच्या नळाला सूर्या धरणाचं पाणी आलं. केस मऊ झाले, जायचे थांबले नाहीत. आणि तेच पाणी, तेच हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूलाही होतं. तिथले केस आजही दाट आहेत.

उत्तर मुळांत होतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होतं. कपाळावरची आणि टाळूवरची मुळं काहींच्यात जन्मतःच त्याला हळवी असतात. तिथे प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड उगवतो आणि शेवटी लव उरते. मागच्या मुळांना त्याची बाधा होत नाही, म्हणून तर तिथले केस काढून पुढे लावता येतात. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्यांना असं टक्कल पडत नाही. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर पडलं, तेही घराण्यात टक्कल असलेल्यांना. म्हणजे संप्रेरक आणि वारसा दोन्ही लागतात. संप्रेरक जास्त असावं लागतं असंही नाही.

मामांवरच्या आरोपात थोडं तथ्य निघालं. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण टकलाशी जोडलेली इतर कितीतरी जनुकं वडिलांकडूनही येतात. आमच्या अप्पांच्या टाळूकडे कधी कुणी बोट दाखवलं नाही.

पाणी, अन्न, आजार यांनी केस जातच नाहीत असं नव्हे. टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस गळतात, पण बहुधा परत येतात. जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बायका, पुरुष, मुलं अशा सगळ्यांचे केस काही दिवसांत गेले. तिथेही आधी संशय पाण्यावरच होता, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे लक्ष वेधलं. झटक्याने, सर्वांचे किंवा चट्ट्यांनी केस गेले तर कारण शोधायलाच हवं. वर्षानुवर्षं हळूहळू मागे सरकणारं कपाळ ही निराळी गोष्ट आहे.

तुमच्या घरात आरशासमोर रेंगाळणारा विशीतला मुलगा असेल, तर तेलांच्या आणि फिल्टरच्या जाहिरातींवर पैसे घालवण्याआधी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधं त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायची, आणि गेलेले केस आणण्यापेक्षा असलेले राखण्यात त्यांचा उपयोग अधिक. उपचार नकोसे वाटले तरी बिघडत नाही. या टकलाने जिवाला धोका नसतो. त्याच्या आईला मात्र कुणी बोल लावू नका.