दोन बदाम आणि बिनहुकूम

हाती दुबळी पाने आली की मुकाट्याने 'पास' म्हणावे, अशी लाडीस आणि मेंढीकोट खेळत वाढलेल्या आमच्या पिढीची समजूत. ब्रिजमध्ये मात्र दुबळ्याने मोठ्याने बोलावे असे शास्त्रच आहे. सहा बदाम आणि जेमतेम ६ ते १० गुण असले की खेळाडू खुशाल 'दोन बदाम' म्हणून मोकळा होतो. डाव जिंकण्यापेक्षा प्रतिपक्षाच्या संभाषणाची जागा बळकावणे हा त्याचा हेतू असतो. गनिमी कावा आम्ही वर्गात पुष्कळ शिकविला. तो आपल्यावर उलटला म्हणजे काय होते, हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका दिवाणखान्यात आम्ही दर रविवारी अनुभवतो.

अशा बोलीला आमचे आवडते उत्तर म्हणजे 'दोन नो ट्रंप', अर्थात बिनहुकुमी. तिच्या अटी तीन: १५ ते १८ गुण, समतोल पाने आणि प्रतिपक्षाच्या रंगात भरवशाचा अडसर. हिशेब सोपा आहे. पत्त्यांत एकूण गुण ४०. आपले १६ आणि बोलणाऱ्याचे ८ धरले तर उरलेले १६ दोघांत वाटले जातात. भिडूच्या वाट्याला सरासरी ८ येतात. तीन नो ट्रंपला साधारण २५ लागतात. म्हणजे भिडूजवळ एखादा गुण अधिक निघाला की गेम हाताशी येतो.

अडसराची अट मात्र कठोर आहे. १७८० साली कॅप्टन पॉफमच्या तुकडीने रात्री शिड्या लावून आमचा हा अभेद्य म्हणविला जाणारा किल्ला घेतला. तटाची उंची पुष्कळ होती. पण एका बाजूस पहारा ढिला पडला, एवढे पुरले. बदामाचा एक्का आणि दोन बारकी पाने असली तरी काम भागते. फक्त एक्का टाकण्याची घाई करू नये. दोन हात सोडून तिसऱ्या फेरीला तो घ्यावा. तोवर दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचे बदाम बहुधा संपलेले असतात, आणि सहा पानांच्या धन्याजवळ पुन्हा हात मिळविण्यासारखे मोठे पान क्वचितच उरते.

या बोलीवर आमचा जीव जडण्याचे कारण मात्र निराळे आहे. आमच्या जुन्या भिडूंची वाचा दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने गेली. बुद्धी शाबूत, उजवा हात शाबूत. शब्द तेवढे गेले. घरी त्यांना पाणी हवे की पंखा, याचाही सर्वांना तर्क करावा लागतो. ब्रिज आता संपला, असे मंडळींनी गृहीत धरले होते. परंतु स्पर्धांतून बोली तोंडाने न सांगता छापील पाने मांडून सांगण्याची पद्धत रूढ आहे. स्वराच्या चढउतारातून भिडूला इशारा जाऊ नये, हा तिचा उद्देश. ती आम्ही दिवाणखान्यात आणली. आता चौघेही मुकेच खेळतो.

'दोन नो ट्रंप' हे पान मांडले की गुण, आकार आणि अडसर या तिन्ही गोष्टी त्यांना एकदम कळतात. त्यांनी काही विचारावे लागत नाही, आणि आम्हांस तर्क करावा लागत नाही. म्हणूनच १३ गुणांवर ऐट म्हणून ते पान मांडण्याचा मोह आम्ही कटाक्षाने टाळतो. परवा आमचे गुण १६ होते. त्यांनी आपले ९ गुण क्षणभर न्याहाळले, 'तीन नो ट्रंप' मांडले आणि डमी पसरून खुर्चीला पाठ टेकली. नऊ हात पुरे झाले तेव्हा त्यांनी टेबलावर एकदा बोटाने टकटक केली.

कोणा वाचकाच्या घरी असे वडीलधारे असतील, तर महागड्या डब्या आणण्याची गरज नाही. पुठ्ठ्याच्या ३५ तुकड्यांवर सात पातळ्यांच्या पाचपाच बोली लिहाव्यात; पास, डबल आणि रिडबलचे काही तुकडे जोडावेत. असे चार संच एका संध्याकाळी तयार होतात. अक्षर तेवढे मोठे काढावे.