चित्रांचा गुन्हा काय?

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरी जन्मलेल्या हुसेनांची 25 चित्रे 2025च्या जूनमध्ये कोर्टाच्या हुकमाने मुंबईत लिलावात निघाली. गैरव्यवहाराचे आरोप झालेल्या एका कर्जाची ही वसुली! सुमारे 68 कोटी आले. आमच्या कट्ट्यावर सारे शून्ये मोजत बसले. चित्रांत काय आहे, हे एकानेही विचारले नाही. माझ्या जिवाला मात्र चुटपुट लागली. कर्ज दुसऱ्याचे आणि बोलीला उभे राहायचे चित्रांनी! त्याच वर्षी हुसेनांचे ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला सुमारे 118 कोटींना गेले. त्याआधी ते कित्येक वर्षे ऑस्लोच्या एका रुग्णालयात भिंतीवर होते. तेथून जाता-येता ते फुकट पाहणाऱ्यांचा, खरे सांगतो, मला हेवा वाटतो. सोलापुरी चादर कपाटात ठेवून कधी ऊब देते का?