दोन नंबरचा चष्मा

दिवाळीच्या सफाईत आमच्या माळ्यावरून तीन वस्तू खाली आल्या : एक पितळी स्टोव्ह, एक बिनझाकणाची बरणी आणि अण्णांचा क्लिक थ्री कॅमेरा. पहिल्या दोहोंचं काय करायचं ते बायकोनं जागच्या जागी ठरवलं. तिसऱ्याचं मी ठरवलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात भाजी वेळेवर चिरली गेलेली नाही.

ज्यांनी आग्फाचा क्लिक थ्री पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजची ही काळी पेटी एके काळी मध्यमवर्गीय घरात सोन्याच्या पाटलीखालोखाल जपली जाई. तिच्यात एकशेवीस नंबरचा रोल बसतो. फोटो बारा, तेही चौकोनी. फोकस जुळवण्याची भानगड नाही. भिंगाच्या कडीवर एक सूर्य काढलेला असतो आणि एक ढग. ऊन असेल तर सूर्य लावायचा, नसेल तर ढग. यापलीकडे त्या कॅमेऱ्याला काही कळत नाही. आमच्या साडूंनाही फारसं जास्त कळतं अशातला भाग नाही. पण कॅमेरा कमी बोलतो.

अण्णा भोसरीला एका कारखान्यात टर्नर होते. एका वर्षीच्या बोनसमधून त्यांनी हा कॅमेरा घेतला. त्यांचा नियम एकच : ‘माणूस नसेल तर रोल फुकट.’ त्यामुळे आमच्या आल्बममध्ये चिंचवडच्या मोरया गोसावींच्या मंदिराबाहेर उंचीनुसार उभे केलेले नातेवाईकच नातेवाईक आहेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले. ती भक्ती नव्हे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हे शास्त्र अण्णा कडकपणे पाळत.

मी मात्र माणसं वगळून वस्तूंकडे वळलो. माणसं हलतात, आणि नंतर कॉपी मागतात. वांगं यांतलं काहीच करत नाही. शिवाय परंपरा थोर आहे. पॉल स्ट्रँड नावाच्या अमेरिकनानं १९१६ साली साध्या वाट्यांचे असे फोटो काढले की, त्या वाट्या आहेत हे पाहणारा विसरतो. एडवर्ड वेस्टननं १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात बसवली, आणि ती अजरामर झाली. वाट्या, नरसाळं, मिरची हे सगळं आमच्याही स्वयंपाकघरात होतं. वाट्यांत कोशिंबीर होती, एवढाच काय तो फरक.

अडचण निराळीच निघाली. क्लिक थ्रीला जवळचं दिसत नाही. आठ-दहा फुटांच्या आत आलेली वस्तू धूसर होते, आणि तेवढ्या अंतरावरून काढलेलं वांगं वांगं आहे की शाईचा डाग, यावर घरात दोन तट पडले. मग मला शाळेतलं भौतिकशास्त्र आठवलं. दोन नंबरच्या भिंगाचं नाभीय अंतर अर्धा मीटर. म्हणजे दोन नंबरचा वाचायचा चष्मा कॅमेऱ्यापुढे लावला, की साधारण दीड फुटावरची वस्तू स्वच्छ यायला हवी. घरात असा चष्मा एकच होता, अण्णांचा. तो मागायला संकोच वाटला नाही. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. पेपर हातात धरतात, पण वाचत नाहीत. नावं निसटू लागली आहेत. आल्बम पुढे ठेवला तेव्हा मंदिरापुढची रांग बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘‘कुणाकडची मंडळी रे ही?’’ रांगेत मधोमध आई होती.

मी चष्मा घेतला आणि चिकटपट्टीनं कॅमेऱ्याला बांधला.

पहिल्या रोलनं पुष्कळ शिकवलं. बघायची खिडकी भिंगाच्या वर असते, त्यामुळे जवळून काढलेल्या वस्तूचं डोकं उडतं. चाकणचे कांदे सगळे शिरच्छेद झालेले आले. रोल पुढे फिरवायला विसरलो म्हणून दुधी भोपळ्याच्या पोटात गच्चीवरची पाण्याची टाकी उगवली. तो एकच फोटो शेजाऱ्यांना आवडला. एका रोलच्या पैशांत आठवड्याची भाजी येते, हे बायकोनं मला रोज ताज्या भावानुसार सांगितलं. मुलाच्या फोनला पाठीमागे तीन डोळे. तो एका चहात दोनशे फोटो काढतो आणि एकही पाहत नाही. माझे बाराच, म्हणून दाबण्याआधी मी अर्धा तास पाहत बसे. कांद्याकडे इतकं टक लावून मी रडण्यापुरतंही कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या रोलला भाज्या संपल्या. म्हणजे संपल्या असं जाहीर झालं. मग मी बाहेर पडलो. पण १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग कारखान्यांची रांग लागली, १९८२ साली महापालिका झाली, आणि आता ती रांग पार चाकणपर्यंत पोचली आहे. या पट्ट्यात निसर्ग शोधावा लागतो, लोखंड पायात येतं. भोसरीतल्या एका मित्राच्या वर्कशॉपमधून मी लेथवर निघणाऱ्या लोखंडाच्या लांब, वेटोळ्या चिप्स पिशवीभर आणल्या. ‘‘चिप्स आणल्यात,’’ असं घरात म्हटल्यावर मुलगा ताटली घेऊन धावत आला, ती गोष्ट वेगळी.

गच्चीवर सकाळच्या तिरप्या उन्हात, सूर्य लावून, काळ्या छत्रीवर ठेवून मी त्यांचे बारा फोटो काढले. अकरा गेले. एक आला.

काळ्यावर पांढरी वेटोळी, कडा दातेरी, सुरुवात नाही की शेवट नाही. मुलाला त्यात आकाशगंगा दिसली, शेजाऱ्यांना जिलबी. ‘‘अहो, मोरी तुंबली की केस असेच निघतात,’’ बायको म्हणाली. मी म्हणालो, ‘‘ही अमूर्त कला आहे.’’

अण्णांनी हात पुढे केला. ‘‘चष्मा कुठाय माझा?’’

मी कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी सोडवली. चष्मा लावून त्यांनी फोटो उजेडाकडे धरला.

‘‘बीड नाही हे. बिडाची भुकटी पडते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘माईल्ड स्टील आहे. कड बघ कशी फाटलीय, टूलची धार गेलीय. आणि चिपब्रेकर घासलेला नाही, म्हणून एवढी लांब निघालीय. कोण पोरगं आहे मशीनवर? सांग त्याला, ही हातानं ओढू नको, बोटं जातील.’’

महिन्याभरात अण्णा सलग इतकं बोलले नव्हते. मीही धीर केला. ‘‘पण अण्णा, यात माणूस नाही. रोल फुकटच गेला म्हणायचा.’’

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

‘‘आहे की,’’ ते म्हणाले. ‘‘मशीनवर उभा नाही का तो?’’

चष्मा मात्र त्यांनी परत दिला नाही.